तेविसाव्या भागातले एकोणीस सेकंद

४ फेब्रुवारी, रविवार

बेबी,

आशीर्वाद, आणि तुझ्या नातीला पापा. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला ‘चिरंजीव’ लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन, ही तुझी धमकी लक्षात आहे, म्हणून ते गाळलंय. माझा डावा गुडघा ठीक आहे. उजव्याचं विचारू नकोस.

बातमी अशी की अखेर ‘उल्कापथ’चा संच आला. पोस्टमनने खोका दारात टेकवला आणि विचारलं, “काय आहे काका एवढं जड?” मी म्हटलं, “माझं आठवीचं वर्ष.” बिचाऱ्याने सही घेतली आणि काढता पाय घेतला.

तुला मालिका धड आठवत नसणार. त्या वर्षी तू मावशीकडे होतीस शाळेला, आणि मावशीकडे टीव्ही नव्हता. पाच माणसं, एक खटारा यान, आणि ताऱ्यांच्या वाटेवर बंद पडलेले दिवे दुरुस्त करत हिंडणं, एवढीच गोष्ट. एकूण सव्वीस भाग. त्यातल्या पंचविसांची चित्रं कुठल्याशा तळघरात सापडली आणि कंपनीने धुऊनपुसून डिस्कवर घातली. तेविसाव्या भागाची फीत मात्र त्या काळच्या शहाण्यांनी पुसून तिच्यावर कसलासा खेळाचा सामना भरला होता. चित्र कायमचं गेलं. आवाज राहिला, कारण मी तेव्हा टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक भाग भरून घ्यायचो. आता त्या भागाला पडद्यावर जुने फोटो एकामागून एक येतात आणि खाली माझ्या कॅसेटमधला आवाज चालतो. पुस्तिकेत माझे आभारही मानलेत, पान एकतीसवर.

‘उल्कापथ’ वेड्यांच्या आमच्या मंडळात आता आम्ही चारच उरलोय. टेलरच्या दुकानाला रविवारी दुपारी सुट्टी असते, तेव्हा त्याच्या कापड बेतायच्या टेबलाभोवती बसतो. तीन आठवडे संच पाहिला आणि आज गुण दिले. तक्ता मास्तरांनी आखला होता, चित्र, आवाज, पुस्तिका, खोका असे रकाने पाडून. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस दुसरं काय करणार.

टेलरने चित्राला दहापैकी तीन दिले. का, तर कप्तानाचा कोट यांनी निळा केलाय आणि तो हिरवा होता. “मी त्या वयात वडिलांच्या हाताखाली काजं करत होतो. मला रंग कळत नाही?” मास्तर म्हणाले, “अहो, तेव्हा आपल्या सगळ्यांचे टीव्ही काळेपांढरे होते.” टेलर म्हणाला, “असतील. कोट हिरवाच होता.” सिस्टरने यानावरच्या वैद्याला शून्य दिलं. तो सुई धरतो ती पाहून तिला आजही चक्कर येते म्हणे, आणि तिची अख्खी नोकरी शस्त्रक्रियेच्या खोलीत झालेली. पुस्तिकेत मास्तरांना छपाईच्या सतरा चुका सापडल्या. त्या दिवशी ते इतके खूश होते की चहाला दुसऱ्यांदा हो म्हणाले.

तेविसाव्या भागाच्या आवाजाला टेलर आणि सिस्टर दोघांनी दहापैकी दहा दिले. घरी भरलेला आवाज आहे असं वाटतच नाही, पिन पडली तरी ऐकू येईल, म्हणाले. मी जन्मभर डबिंगच्या स्टुडिओत बसून लोकांच्या बोलण्यामागचे पंखे, हॉर्न आणि खोकले काढले. तेवढं तरी जमायलाच हवं. मास्तरांनी त्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. त्यांना तो भाग आणखी दोनदा ऐकायचाय.

तू मागच्या पत्रात लिहिलंस की संच मागवणार आहेस. कशाला उगाच? डिस्क लावायचं यंत्र तुझ्याकडे नाही, मोतीबिंदू काढून महिना झालाय, आणि खरं सांगायचं तर मालिका म्हातारी दिसते आता. यानाच्या भिंती हलतात. मी आलो की माझाच घेऊन येईन. बघू पावसाळ्यानंतर.

जावईबापूंना नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

बेबी,

तुझं पत्र काल मिळालं. तू कोणाचं ऐकणार? माझं पत्र पोचायच्या आधीच संच मागवून मोकळी झालीस. लेकीच्या घरी सगळ्यांना बसवलंस, नातीला म्हणालीस की आता तुला माझ्या बहिणीचा आवाज ऐकवते. आणि अख्खा तेविसावा भाग दोनदा ऐकून पत्राच्या शेवटी एकच प्रश्न लिहिलास. “दादा, टिटवी कुठे आहे?” खाली सही नाही, काही नाही.

अगं, असं लिहितात का? माणसाला धडकी भरते.

सांगतो. कंपनीने आधीच बजावलं होतं की बाहेरचा एकही आवाज नको. लोक दिव्यांच्या दुरुस्तीची गोष्ट ऐकायला बसणार, त्यात आपल्या घरची भांडी कशी चालतील? त्या टेपवर काय काय होतं तुला कल्पना नाही. शेजारचा कुत्रा, आईचा कुकर, बाबांनी दोनदा ओढलेली खुर्ची. ते सगळं काढताना टिटवीचं बोलणंही गेलं. आवाजाच्या कामात असं होतं. एक गोष्ट उचलायला गेलं की चिकटलेली दुसरी निघून येते.

भागाचा नंबर ती सांगते हे आईने तुला सांगितलेलं बरोबर आहे. प्रत्येक भागाच्या आधी मी तारीख आणि नंबर बोलून ठेवायचो. तिची टकळी सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून एरवी तिला खोलीबाहेर ठेवायचो; त्या एकाच भागाला म्हटलं होतं, नंबर तू सांग, पण मग चाळीस मिनिटं तोंड उघडायचं नाही. टिटवी हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. पण नंबर सुरुवातीच्या संगीताच्या आधी येतो, आणि तो कंपनीला नकोच होता.

तू म्हणशील मूळ कॅसेट ऐकव. ती नाही. इतक्या वर्षांची हलक्या प्रतीची फीत, एकदाच फिरली. फिरता फिरता तिच्यावरचा तपकिरी थर भुकटी होऊन यंत्रात सांडला. आता ती नुसती पारदर्शक पट्टी आहे. मी मुद्दाम काही केलेलं नाही.

कंपनीकडे साफ न केलेली प्रत असणार. त्यांना पत्र टाकतो. मोठी कंपनी आहे, वेळ लागेल, पण मिळेल. तोवर डोक्यात राख घालून घेऊ नकोस, आणि नातीला सांग की आजोबांचं काम चालू आहे.

तू लिहिलंयस की टिटवीचा चेहरा फोटोत आहे, फ्रॉक ट्रंकेत आहे, पण आवाज आठवत नाही, कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. परत उघडलेलं नाही.

दादा


११ मार्च, रविवार

बेबी,

मी कंपनीला पत्र टाकलेलं नाही. टाकून उपयोग नव्हता. त्यांच्याकडे काहीही नाही, आणि हे मला आधीपासून माहीत होतं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तिथेही काहीतरी थाप मारली असती. कागदावरही मारलीच म्हणा, गेल्या पत्रात. म्हणून आज आधी हे वाक्य लिहून टाकलं आणि मग पाणी प्यायलो.

आज मंडळात मास्तर वही घेऊन आले होते. चष्मा पुसला, वही उघडली आणि म्हणाले, “तेविसावा भाग. एकतिसावं मिनिट. यानाची जी घरघर आहे ना, तीच्या तीच बाराव्या मिनिटाला आहे. सारखी नाही म्हणत मी. तीच. मध्ये एक बारीक टिक् आहे, तीसुद्धा जिथल्या तिथे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही तिथे ठिगळ लावलंय. एकोणीस सेकंदांचं. सुंदर लावलंय, मला सहा वेळा ऐकावं लागलं. काय होतं हो तिथे?”

मी म्हटलं, “खरखर होती.”

“खरखर तुम्ही बाकी सगळीकडे ठिगळ न लावता काढलीय,” ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं गं. उत्तर जुळत नव्हतं, एवढंच. त्यांनी त्या रकान्यात साडेनऊ लिहिले. अर्धा गुण ठिगळाचा कापला.

टेलर मध्ये पडला, “जाऊ द्या हो मास्तर.” सिस्टर माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “कानवाले, तुमच्या घरी तेव्हा लहान बहीण होती ना? चाळीस मिनिटं लहान मूल एवढं गप्प? आमच्याकडे भूल दिलेली मुलंसुद्धा इतकी गप्प नसायची.” मी उठलो, छत्री विसरून घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

आता ऐक.

त्या भागात यंत्रज्ञ एका मेलेल्या ग्रहावर बाहेर अडकतो. दार बंद केलं नाही तर यान जाईल, म्हणून बाकीचे चौघे दार बंद करतात. कोणी बोलत नाही. नुसती यानाची घरघर. अख्ख्या मालिकेतली सगळ्यात शांत जागा, आणि मी तिची आठवडाभर वाट पाहत होतो, कारण मासिकात आधीच छापून आलं होतं. टिटवी माझ्या शेजारी फरशीवर बसली होती. तिने ते दार बघितलं आणि तिला राहवलं नाही. तिने विचारलं. मी तिला मारलं. हळू नाही मारलं, बेबी. कानाखाली.

ते टेपवर होतं. तिचं बोलणं, माझं ‘गप्प बस’, आणि तो आवाज. मी तेरा वर्षांचा होतो, ती सात. त्यानंतर चार महिन्यांनी ती तापाने गेली. त्या चार महिन्यांत मी तिला बागेत नेलं, माझी रंगपेटी दिली, एकदा पाठीवर बसवून शाळेपर्यंत नेलं. माफी मात्र मागितली नाही. एवढ्याशा पोरीची माफी काय मागायची, असं वाटायचं. मग मागायला कोणी उरलं नाही.

आईने वर्षभराने विचारलं होतं, तिचा आवाज आहे ना रे त्या टेपवर? मी म्हटलं, फीत तुटली. आई म्हणाली, बरं. मरेपर्यंत तिने परत विषय काढला नाही. तू मात्र काढत राहिलीस, आणि मी तुला कधी यंत्र बिघडलंय म्हणालो, कधी फीत नाजूक आहे म्हणालो. मंडळातल्यांनी वर्षानुवर्षं प्रत मागितली, त्यांनाही टोलवलं. पन्नास वर्षं ती कॅसेट माझ्या कपाटात चांगली होती. मी ती एकदाही लावली नाही.

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. पण तो भाग लोकांना मिळावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि थोडं नाव व्हावं असंही वाटत होतं. खोटं कशाला बोलू. दुपारी साडेतीनला हेडफोन लावून कॅसेट सुरू केली. थर गळून पडला ते खरं आहे. पण तो गळेपर्यंत सगळा आवाज कॉम्प्युटरवर उतरला होता, धडधाकट, टिटवीसकट. ती माझ्या दोन्ही कानांत बोलली. मी एकदाच ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

मग तीन महिने काम केलं. तिचा श्वासही काढला, कारण हेडफोन लावून ऐकणाऱ्याला तो कळला असता. शेवटी फाईल ठेवताना कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाची जुनी फाईल आहे, तिच्यावर ठेवू का? नाव बदलायला दोन सेकंद लागतात. तेवढं मी आयुष्यभर करत आलोय. कच्चा आवाज कधी पुसायचा नाही, हे मी स्टुडिओत नव्या मुलांना ओरडून ओरडून शिकवलं. मी ‘हो’ दाबलं. चुकून नाही. कंपनीने सांगितलं म्हणूनही नाही. त्यांना नंतर मी साफ केलेली फाईलच पाठवली.

भीती जगाची नव्हती. जगाला काय, कुठल्या तरी घरात कोणी तरी एका पोरीला मारलं, त्यांनी एक गुण कापला असता. भीती तुझी होती. तू आयुष्यभर माझ्याकडे मागत आलीस ती एकच वस्तू, आणि ती मिळाल्यावर तू तिच्यात काय ऐकलं असतंस? मला वाचवायला मी तिला पुसलं. तिला दुसऱ्यांदा गप्प केलं, आणि या वेळी तर मी सहासष्ट वर्षांचा होतो.

आता तो आवाज माझ्या डोक्यात आहे, दुसरीकडे कुठेच नाही. माझं वय बघता तिथेही किती दिवस राहील सांगता येत नाही. म्हणून जसाच्या तसा लिहितो. माझे कान चांगले आहेत, एवढं मास्तरही मान्य करतील. एकही शब्द बदललेला नाही.

सुरुवातीला बटण दाबल्याचा खट् आवाज. मग टिटवी, अगदी टेपरेकॉर्डरला तोंड लावून, बातम्या वाचतात तसं: “भाग तेविसावा. दिवस गुरुवार.” मग लगेच, “दादा, झालं? आता नाही ना बोलायचं?” मी: “बोललीस ना आत्ता!” ती हसते. नाकातून हसते, तोंड मिटून, न बोलण्याची सुरुवात तिथूनच केल्यासारखी. मग संगीत.

त्यानंतर तीस मिनिटं नुसता तिचा श्वास. तिला सर्दी होती. तीस मिनिटं ती कबूल केल्याप्रमाणे गप्प बसली आहे, हे तुला कळायला हवं.

एकतिसावं मिनिट. दार बंद होतं. टिटवी: “दादा, ते त्याला तिथेच ठेवून जाणार?”

मी: “गप्प बस!” आणि तो आवाज.

मग स्वयंपाकघरातून आई: “काय झालं रे? कोणी मारलं?”

मी काही बोलत नाही. बेबी, मी काहीच बोलत नाही. टिटवी बोलते. आवाज भरलेला आहे, पण मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं: “टीव्हीत मारलं, आई!”

मग थोडा वेळ घरघर. आणि मग अगदी हळू, माझ्या बाहीशी तोंड आणून, कारण तो आवाज कापडातून आल्यासारखा आहे: “पण त्याला थंडी वाजेल ना, दादा?”

मी उत्तर दिलेलं नाही. त्यानंतर भाग संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

हे वाचून तुला तिचा आवाज ऐकू येणार नाही, मला माहीत आहे. अक्षरांत तो येत नाही. ती ‘थंडी’ कशी म्हणायची, ‘दादा’तला दुसरा ‘दा’ कसा लांबवायची, ते लिहिता येत नाही. पण मला तिची नक्कल येते. लहानपणी यायची, मित्रांसमोर करून हशा मिळवायचो. ती गेल्यापासून कोणासमोर केली नव्हती. आज हे लिहायच्या आधी दार लावून करून पाहिली. सहासष्ट वर्षांचा घसा आहे, घोगरा, दोन दातांच्या जागा रिकाम्या. तरी दुसरा ‘दा’ बरोबर लागला.

फोनवर करणार नाही, आणि कशावर भरूनही ठेवणार नाही. तू ये. एकटी ये, किंवा नातीला घेऊन ये. माझ्यावर काय ओरडायचंय ते आधी ओरडून घे, मी मध्ये बोलणार नाही. मग समोर बस, आणि मी सगळं एकदा म्हणून दाखवीन, नंबरापासून थंडीपर्यंत, तिचं तिच्यासारखं आणि माझं माझ्यासारखं. म्हातारा माणूस सात वर्षांच्या मुलीचा आवाज काढतोय हे बघून तुला हसू येईल. येऊ दे. मी थांबणार नाही.

नाही आलीस तरी तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुम्हा दोघींचा,
दादा